तारीख आपल्याला ठाऊक होती

प्रति,
राज्यातील शाळा व शासकीय कार्यालयांच्या संगणकांची खरेदी, देखभाल आणि नियोजन ज्यांच्या सहीने होते ते सर्व मान्यवर,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मुदत संपलेल्या संगणक प्रणाली आणि त्यांना नसलेला वाली.

महोदय,



१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्या टिपणवहीत असणारच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी दर महिन्याला मोफत येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. हे अचानक घडले असे आपण म्हणू शकत नाही. जुलै २०१५ मध्ये ही प्रणाली बाजारात आली तेव्हाच तिच्या अखेरची तारीख कंपनीने जाहीर केली होती. दहा वर्षांची नोटीस होती ती. सरकारी कारभारात इतकी सवड फार थोड्या कामांना मिळते.

त्याआधी विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. त्याही तारखा कित्येक वर्षे आधी ठाऊक होत्या. भद्रावती तालुक्यातल्या ज्या अनुदानित शाळेत माझी मुलगी शिकते तिथल्या संगणक कक्षात आजही विंडोज ७ आहे, आणि मी तिथल्या शिक्षक-पालक संघात बसतो म्हणून हे रोज पाहतो. म्हणजे आपली तिसरी मुदत हुकली तेव्हा आमच्याकडे दुसरीच पाळायची राहिली होती. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चौकशी मुख्याध्यापकांची होते, हा आमचा अनुभव आहे, आणि या प्रकरणात त्यांचा काही दोष नाही.

संगणक आले कसे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. केंद्राने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना सुरू केली. आपल्या राज्याने ती टप्प्याटप्प्याने राबवली. ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंपन्यांना पाच-पाच वर्षांची कंत्राटे दिली गेली. कंपनीने यंत्रे बसवायची, शिक्षक नेमायचा, कक्ष चालवायचा आणि पाच वर्षांनी सगळे शाळेच्या हवाली करायचे. कागदावर योजना चांगली होती. पाच वर्षे झाली, यंत्रे शाळेची झाली, कंत्राटी संगणक शिक्षक घरी गेले. स्वतःची सेवा टिकवण्यासाठी त्यांनी किती आंदोलने केली तेही आपण पाहिले आहे.

त्या हस्तांतराच्या कागदात यंत्रातल्या प्रणालीबद्दल काय लिहिले होते? तिची मुदत कधी संपते, ती कोणी बदलायची, परवान्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येतील, याबद्दल एक तरी ओळ होती का? असेल तर ती आम्हाला दाखवावी. नसेल तर सरकारने विहीर खोदून दिली आणि दोर द्यायचा राहून गेला, असेच म्हणावे लागेल.

यंत्रे आमच्या हवेत कशी टिकतात हेही सांगतो. एका बाजूला माजरीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. कॅबिनेट उघडले की पंख्यावर काळा थर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, वीज कमी-जास्त होते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी कधीच संपलेली आहे, त्यामुळे वीज गेली की यंत्र स्वतःची तारीख विसरते आणि कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. मग ब्राउझर सांगतो की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र वैध नाही. तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटे तारीख दुरुस्त करण्यात जातात. तारीख दुरुस्त केली तरी गुगल क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ ची, म्हणजे १०९ वी. त्यानंतर ब्राउझरलाही नवी दुरुस्ती नाही. जी बॅटरी बाजारात काही रुपयांना मिळते ती बदलायलाही खर्चाचे शीर्ष कोणते, हा प्रश्न एका बैठकीत खरोखर निघाला होता.

आणि याच शाळेला आपण व्हॉट्सअॅपवर परिपत्रक पाठवता, की यू-डायसवर शाळेची माहिती आजच्या आज भरा, विद्यार्थ्यांच्या अपार आयडीचे काम पूर्ण करा, सायंकाळी पाचपर्यंत अहवाल द्या. शिक्षक तो अहवाल स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर भरतात. परिपत्रक लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

यंत्र अगदीच बसले की आमच्याकडे एकच मार्ग उरतो. बाजारातल्या दुकानात न्यायचे आणि सांगायचे, ‘विंडोज मारून द्या.’ दुकानदार पेन ड्राइव्ह लावतो, फॉरमॅट मारतो, वर परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा एक अॅक्टिव्हेटर चालवतो आणि चार-पाचशे रुपये घेतो. तो पेन ड्राइव्ह कुठून आला हे कोणी विचारत नाही. अॅक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, एवढे मात्र तो प्रामाणिकपणे सांगतो. एकदा अशाच फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरची निकालपत्रके गेली. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल सी ड्राइव्हवरच असते, हे शिक्षकांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायला ज्याला नेमले होते त्याची सेवा कंत्राटाबरोबर संपली होती.

प्रताधिकार कायदा १९५७ चे कलम ६३-ब आपल्या विधी विभागाला माहीत असेल. बेकायदा प्रत आहे हे जाणून संगणक प्रणाली वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते, एवढाच दिलासा. म्हणजे सरकारने दिलेले यंत्र सरकारच्याच कामासाठी चालू ठेवायचे, तर कायद्याचा धोका मुख्याध्यापकाने पत्करायचा. हा धोका आपण त्यांच्या गळ्यात जाणूनबुजून बांधला, की फाईलवर विचारच झाला नाही? दोन्हींपैकी कोणते उत्तर अधिक वाईट, हे मला ठरवता आलेले नाही.

‘अपडेट करून घ्या’ अशी सूचना कधीमधी येते. कशावर करायचे? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. आमच्या कक्षातली यंत्रे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. ती त्या प्रणालीला चालणारच नाहीत. टाकून द्यावीत तर ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली. निर्लेखनाचा प्रस्ताव करा, समिती नेमा, तांत्रिक अहवाल आणा, मग वाट बघा. दरम्यान हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची म्हटली तरी ‘नोंदवहीतल्या वस्तूत बदल’ होतो. यंत्र बदलता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, फेकता येत नाही. फक्त दरवर्षी मोजता येते.

विंडोज १० असलेल्या यंत्रांसाठी कंपनीने शिक्षणसंस्थांना एक सोय ठेवली होती: पहिल्या वर्षी प्रति संगणक एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, आणि सुरक्षा-दुरुस्त्या चालू. राज्यातल्या किती शाळांसाठी आपण या सोयीची नोंदणी केली? हा आकडा आपल्या संकेतस्थळावर असायला हवा.

शासनाला असे काम जमत नाही, असे कोणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेने काय केले ते पाहा. एक्सपीची मुदत संपून चार वर्षे झाली तरी देशातली अनेक एटीएम त्याच प्रणालीवर चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना वेळापत्रक बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत चौथाई, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम नव्या प्रणालीवर. न केल्यास कारवाई. उशीर झाला हे खरे, पण तारीख होती, टक्का होता आणि जबाबदार कोण हे लिहिलेले होते. जी शिस्त बँकांना लागू होते ती आपल्या स्वतःच्या कार्यालयांना का लागू होत नाही?

आता केरळचे उदाहरण. ते आपल्याला आवडणार नाही याची मला कल्पना आहे. तिथला आयटी अॅट स्कूल प्रकल्प २००१ सालचा. त्यांनी काही वर्षांतच शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर, म्हणजे लिनक्सवर नेले. २०१९ मध्ये त्यांनी उबुंटूवर आधारलेली स्वतःची नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी तयार केली आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा हिशेब मांडला. हिशेब त्यांचाच आहे, थोडा फुगवलेला असेल असे धरा. निम्मा मानला तरी किती होतात? पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे संगणकाची जबाबदारी नावानिशी दिलेली असते आणि ‘लिटिल काइट्स’ या मंडळातली मुले कक्षाची देखभाल शिकतात. प्रणाली पुन्हा बसवणे हा तिथे शिक्षणाचा भाग आहे. आमच्याकडे आठवी-नववीची पोरे मोबाइल रीसेट करतात, भावाच्या फोनमध्ये नवी आवृत्ती टाकतात; त्यांना एक पेन ड्राइव्ह आणि दोन तास दिले तर कक्षातले निम्मे संगणक ती उठवून बसवतील. त्यांना हात लावायला बंदी आहे, कारण यंत्र नोंदवहीत आहे.

सरकारनेही काही कमी वचने दिली नाहीत. केंद्र सरकारचे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ चे आहे. राज्यांनाही ते अंगीकारण्याची मुभा त्यात आहे. भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, म्हणजे ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. ती बनवणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. तिच्यात मराठी आहे, इनस्क्रिप्ट कळफलक आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणाली बसवायचे ठरवले. आमच्या भद्रावतीत आयुध निर्माणी आहे, संरक्षण खात्याची गोष्ट आमच्यापासून दूर नाही. देशाच्या संरक्षणाला जी प्रणाली चालते ती नववीच्या मुलांच्या मराठी टंकलेखनाला का चालू नये, हे कोणी समजावून सांगेल का?

एक आक्षेप मला मान्य आहे. मुलांना पुढे एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम करावा लागतो, नोकरीच्या जाहिरातीत तो मागतात, आणि तो शिकवतात विंडोजवर. ठीक. मग कक्षात एक-दोन परवानाधारक नवी यंत्रे ठेवा आणि बाकीच्यांत चार जीबी मेमरी, एक छोटी एसएसडी आणि हलकी लिनक्स टाका. जुने ड्युअल कोर यंत्रसुद्धा त्यावर ब्राउझर, लेखन आणि प्रोग्रॅमिंगची सुरुवात एवढे सहज करते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच, सहावी ते आठवीत, कोडिंग आणायचे म्हटले आहे. ते कशावर करायचे?

सुरक्षेचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर आपण हमखास बैठक घेता आणि बैठकीनंतर काही होत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातली यंत्रे बंद पाडली. ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. मार्च २०२१ मध्ये आपल्याच औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि काम थांबले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये तेच झाले, रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. प्रत्येक वेळी सूचना निघाल्या. त्या सूचना तालुक्याच्या पातळीवर अमलात आणणारा माणूस कोण, हे मात्र कुठल्याच सूचनेत नव्हते.

शाळेच्या त्या जुन्या यंत्रांत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, बँक खाती आहेत, कारण शिष्यवृत्तीसाठी आपणच ती मागवली. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेणाऱ्याला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांहून अधिक काळ सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेली प्रणाली आपण ‘वाजवी खबरदारी’ म्हणून कोणासमोर मांडणार आहात?

पैसा नाही, हे उत्तर निदान आमच्या जिल्ह्यात देऊ नका. कोळसा आमच्या जमिनीखालून निघतो. त्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांत शिक्षण हे अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. त्या निधीतून नवी खोकी येतात. फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. बॅटरी बदलण्याची फीत कोणी कापत नाही, म्हणून बॅटरी बदलली जात नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोहर्ली गेटमधून ताडोबात जाणाऱ्या मुंबईच्या पर्यटकाला घरबसल्या सफारी आरक्षित करता येते, ते चांगलेच आहे. त्याच रस्त्यावरच्या गावातल्या मुलाला मात्र संगणकाच्या तासाला पुस्तकातले संगणकाचे चित्र पाहावे लागते.

आम्ही नवी इमारत मागत नाही, परदेश दौरा करून आणलेला प्रकल्पही मागत नाही. राज्यातल्या प्रत्येक शाळेत आणि कार्यालयात कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे आणि तिची मुदत कधी संपली वा संपणार आहे, याची यादी आपण प्रसिद्ध करावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती स्वतःहून जाहीर करणे अपेक्षित आहे, ती मागायला अर्ज करावा लागू नये. तालुक्याला एक नाव द्यावे, ज्याच्याकडे प्रणाली बसवण्याचे आणि माहितीची प्रत सुरक्षित ठेवण्याचे काम आहे आणि ज्याला त्याचा पगार मिळतो. मुख्याध्यापकाला बॅटरी, मेमरी आणि एसएसडीसाठी थोडा खर्च स्वतःच्या अधिकारात करू द्यावा आणि तो बदल नोंदवहीत दुरुस्ती म्हणून लिहिण्याची मुभा द्यावी. आणि रिझर्व्ह बँकेने घातली तशी मुदत स्वतःला घालून घ्यावी: इतक्या महिन्यांत चौथाई, इतक्यांत निम्मी.

या पत्राला ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात येत आहे’ असे उत्तर कृपया पाठवू नये. तसली पत्रे शिक्षक-पालक संघाच्या फाईलमध्ये पुरेशी आहेत, आणि संबंधित विभाग आपणच आहात. माझी मुलगी नववीत आहे, तिची दहावीची परीक्षा २०२७ मध्ये आहे. उत्तर त्याआधी, लेखी आणि तारखेसह मिळावे.

आपला,
एक पालक
भद्रावती, जि. चंद्रपूर